भरवसा दुसऱ्या इंजिनाचा

गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास भाचीचा फोन आला. तिचा मुलगा वैमानिक होण्याचे शिक्षण घेतो आहे. एका इंजिनाच्या विमानावरचे त्याचे तास भरत आले असून आता त्याला दोन इंजिनांच्या विमानावर शिकायला पाठवणार, ही बातमी तिला सांगायची होती. पैशाचा आकडा सांगताना तिचा आवाज किंचित खाली गेला, पण लगेच सावरून ती म्हणाली, "मामा, खर्चाचं सोडा. मला एका गोष्टीचं बरं वाटतंय. इतके दिवस तो एकाच इंजिनावर उडायचा, माझा जीव टांगणीला. आता दोन आहेत. एक बंद पडलं तरी दुसरं आहेच की!"

मी "हो, हो" म्हणालो. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ झोप लागली नाही. आयुष्याची पस्तीस वर्षे मी लहान विमाने उडवण्यात आणि उडवायला शिकवण्यात घालवली. जे प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगत आलो, ते भाचीला सांगायची हिंमत झाली नाही. ते असे, की दुसरे इंजिन आपोआप वाचवत नाही. ते वाचवणार की घात करणार, हे वैमानिकाच्या दोन पायांवर आणि पहिल्या काही सेकंदांवर ठरते. हलक्या विमानातले दुसरे इंजिन तुम्हाला अपघाताच्या जागेपर्यंत नेऊन पोहोचवते, असा एक कडवट विनोद वैमानिकांत जगभर चालतो. भाचीला तो कसा सांगणार?

तिचा समज तिच्या एकटीचा नाही. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे बोईंग ७८७ विमान उड्डाणानंतर काही सेकंदांतच कोसळले. विमानातली २४१ आणि जमिनीवरची १९ अशी २६० माणसे गेली, विमानातला एकच प्रवासी वाचला. दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच एकापाठोपाठ एक, सुमारे सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेल्याची नोंद महिन्याने आलेल्या प्राथमिक अहवालात होती. तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या बागेत, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर लोक मला एकच प्रश्न विचारत आले आहेत: एक इंजिन बंद पडले तर काय होते?

मोठ्या प्रवासी विमानापुरते उत्तर दिलासा देणारे आहे. धावपट्टीवर एक ठरावीक वेग गाठल्यावर एक इंजिन बंद पडले, तरी उरलेल्या इंजिनावर उड्डाण करून सुरक्षित उंची गाठता येते, हे त्या विमानाच्या निर्मात्याला सिद्ध करून दाखवावे लागते. दोन इंजिनांच्या विमानाने चाके वर घेतल्यावर एकाच इंजिनावर दर शंभर मीटरला किमान २.४ मीटर चढले पाहिजे, इतका काटेकोर हिशेब नियमात आहे. त्याचे वैमानिक सिम्युलेटरवर हा प्रसंग पुन्हा पुन्हा गिरवतात. म्हणून अशा विमानाचे एक इंजिन बंद पडले, ते परत फिरले आणि सुखरूप उतरले, ही बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते. अहमदाबादला एक नव्हे, दोन्ही इंजिनांची ताकद गेली होती. तो विषय वेगळा.

मला बोलायचे आहे ते लहान विमानांबद्दल. चार ते दहा आसनांची, दोन पंख्यांची ही विमाने आपल्याला क्वचित दिसतात, पण आपल्या आयुष्यात ती शिरली आहेत. गोंदिया, बारामती, धुळे, शिरपूर अशा ठिकाणी विमान शिकणारी मुले त्यांवर हात बसवतात. प्रचाराच्या धामधुमीत पुढारी त्यांतून फिरतात. अत्यवस्थ रुग्णाला मोठ्या शहरात हलवायचे, तर घरचे लोक जमवाजमव करून असेच विमान बोलावतात. आणि भाचीसारखाच प्रत्येकजण मनाशी म्हणतो, दोन इंजिने आहेत, काळजी नाही.

दोन पगारांचे घर

अर्धी ताकद गेली तर विमान अर्ध्या वेगाने वर चढेल, असे आपल्याला वाटते. साधा हिशेब तसाच दिसतो, पण तो चुकतो. घरचे उदाहरण घेऊ. नवराबायको दोघे मिळवतात, प्रत्येकी दहा हजार. घरखर्च आठ हजार. शिल्लक बारा हजार. आता एकाची नोकरी गेली. मिळकत निम्मी झाली, पण खर्च तेवढाच राहिला. शिल्लक उरली दोन हजार. म्हणजे मिळकत पन्नास टक्क्यांनी घटली आणि शिल्लक त्र्याऐंशी टक्क्यांनी.

विमानाचे वर चढणे हे या शिलकीतून होते. नुसते सपाट उडत राहण्यासाठी जी ताकद लागते, तो घरखर्च. त्याच्यावर जी उरते तिच्यातून उंची मिळते. पायपर सेमिनोल हे प्रशिक्षणासाठी जगभर वापरले जाणारे दोन-इंजिनी विमान आहे. समुद्रसपाटीला, पूर्ण वजनासह ते दोन्ही इंजिनांवर मिनिटाला सुमारे १३०० फूट चढते. एका इंजिनावर सुमारे २००. तेही विमान नवे, वैमानिक निष्णात आणि सगळ्या कृती बिनचूक केलेल्या असतील तर. चाके खाली राहिली, वेग थोडा ढळला, की ते २०० फूटही जातात आणि विमान हळूहळू खाली येऊ लागते.

नियमही इथे नरमाईचे होते. ज्या अमेरिकी नियमांखाली आजची कितीतरी जुनी विमाने प्रमाणित झाली, त्यांत सुमारे २७०० किलोंपर्यंतच्या आणि कमी वेगाने उतरू शकणाऱ्या दोन-इंजिनी विमानाला एका इंजिनावर चढता आलेच पाहिजे, अशी अट नव्हती. ते किती चढते किंवा किती उतरते, एवढे मोजून पुस्तकात छापले की झाले. ते पुस्तक विमानात ठेवलेले असते. प्रवासी ते वाचत नाही.

त्यात आपला उन्हाळा. हवा तापली की विरळ होते. इंजिनाला कमी हवा मिळते, पंख्याला पकड कमी मिळते, पंखांना आधार कमी मिळतो. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर ही विमानतळे समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर, म्हणजे हवा मुळातच थोडी विरळ. वैशाखातल्या दुपारी, पूर्ण इंधन, सगळी आसने भरलेली आणि मागे सामान अशा स्थितीत पुस्तकातल्या त्या २०० फुटांतले किती शिल्लक राहतील? घरखर्च वाढला आणि उरलेला पगारही कापून आला, अशी ही अवस्था असते.

लाल रेघ आणि निळी रेघ

दुसरी अडचण याहून गंभीर आहे. बैलगाडीच्या जोडीतला डावा बैल चालता चालता बसला आणि उजवा जोराने ओढतच राहिला, तर गाडी सरळ जाणार नाही. ती डावीकडे, बसलेल्या बैलाकडे वळेल. हलक्या विमानाची इंजिने दोन्ही पंखांवर असतात. डावे बंद पडले की उजवे विमानाचे नाक डावीकडे फिरवते. फिरता फिरता विमान डाव्या अंगावर कलू लागते, कारण त्या बाजूचा पंख मागे पडतो आणि त्यावरचा पंख्याचा वाराही थांबलेला असतो.

हे वळणे थांबवायला वैमानिकाच्या पायाशी रडरचे दोन पेडल असतात. नाक डावीकडे गेले तर उजवा पाय दाबायचा. पण रडर म्हणजे शेपटीवरचे सुकाणू, आणि सुकाणूला जोर येतो तो त्यावरून वाहणाऱ्या वाऱ्यामुळे. वेग कमी झाला की वारा कमी आणि रडरचा जोर कमी. एका ठरावीक वेगाखाली पाय तळाशी टेकवला तरी विमान वळायचे थांबत नाही. तो वेग वेगमापकावर लाल रेघेने दाखवलेला असतो. सेमिनोलमध्ये ती ५६ नॉटला, म्हणजे ताशी सुमारे १०४ किलोमीटरला असते. त्याच तबकडीवर वर एक निळी रेघ असते, ८८ नॉटला, ताशी सुमारे १६३ किलोमीटर. एका इंजिनावर सगळ्यांत चांगले चढणे मिळते ते या वेगाला.

बंद इंजिनानंतरचे सगळे नाट्य या दोन रेघांच्या मध्ये घडते. विमान चढेनासे झाले की समोरची घरे, झाडे, विजेच्या तारा मोठ्या दिसू लागतात. माणसाचा हात आपसूक दांडी मागे ओढतो, नाक वर जाते, वेग निळ्या रेघेवरून लाल रेघेकडे घसरतो. तिच्याखाली जाताच चालू असलेले इंजिन, तेच आपले दुसरे इंजिन, विमानाला फिरवून पाठीवर पालथे करते. उंची असेल तर सावरता येते, टेकऑफनंतर ती नसते.

अशा वेळी सुटकेचा मार्ग एकच, आणि तो मनाला अजिबात न पटणारा. नाक खाली करायचे आणि चालू इंजिनाची ताकद कमी करायची. जमिनीजवळ असताना, खाली जात असताना, आहे ते एकमेव इंजिन आपल्याच हाताने मंदावायचे! पण पंख सरळ ठेवून, ताब्यातल्या विमानाने शेतात आदळलेली माणसे अनेकदा वाचतात. पालथ्या विमानातली सहसा वाचत नाहीत.

चुकलेला पाय

हे सगळे मला पाठ होते. दोन-इंजिनी विमान शिकायला मी गेलो, तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. माझे प्रशिक्षक हवाई दलातून निवृत्त झालेले, मितभाषी गृहस्थ. इंजिन बंद पडल्यावर करायच्या कृती त्यांनी माझ्याकडून जमिनीवर शंभरदा म्हणवून घेतल्या. आधी विमान सरळ धरा. दोन्ही इंजिनांच्या दांड्या पूर्ण पुढे ढकला. चाके वर, फ्लॅप वर. मग कोणते इंजिन गेले ते ओळखा. खात्री करा. मगच त्याचा पंखा फेदर करा.

फेदर करणे म्हणजे काय, तेही सांगतो. धावत्या मोटारीच्या खिडकीबाहेर हात काढून तळवा वाऱ्यासमोर धरला तर हात मागे ढकलला जातो. तोच हात आडवा, कडेने धरला तर वारा कापत जातो. बंद इंजिनाचा पंखा वाऱ्यासमोर तळव्यासारखा उभा असतो आणि विमानाला मागे ओढतो. त्याची पाती कडेने वळवली की ओढ जाते. मात्र भलत्याच इंजिनाचा पंखा फेदर केला तर चालते इंजिनही हातचे गेले.

ओळखण्याची खूणही सोपी. विमान सरळ ठेवायला उजवा पाय दाबावा लागत असेल, तर डावा पाय रिकामा आहे. जो पाय रिकामा, त्या बाजूचे इंजिन गेले. मग त्या इंजिनाची दांडी सावकाश मागे घ्यायची. काहीच फरक पडला नाही तर खात्री झाली. आवाज बदलला, विमान हलले, तर आपण चुकलो, दांडी परत पुढे.

त्या सकाळी आम्ही चार हजार फुटांवर होतो. सरांनी मांडीवरचा नकाशा उचलून दांड्यांवर झाकण घातल्यासारखा धरला आणि त्याच्याआड एक इंजिन मंद केले. नाक उजवीकडे गेले. मला वाटले, उजवीकडे काहीतरी बिघडले आहे. आणि मी उजवा पाय दाबला.

शंभरदा पाठ म्हटलेले त्या क्षणी कुठे गेले, कोण जाणे. नाक आणखी फिरले, उजवा पंख खाली गेला आणि खिडकीत आकाशाऐवजी नांगरलेली शेते आली. सरांनी चालू इंजिन मंद केले, नाक खाली दिले, विमान सरळ केले. सगळे चार-पाच सेकंदांत. माझे हात थरथरत होते. ते शांतपणे उंचीमापकाकडे पाहून म्हणाले, "आठशे फूट गेले. आज आपल्याकडे होते म्हणून गेले. टेकऑफला असतात का?"

उतरल्यावर ते रागावले नाहीत. म्हणाले, "तुला येत नाही असं नाही. तुझ्या डोक्याला येतं, पायाला येत नाही." त्यांनी मला एक लाकडी खुर्ची दाखवली. रोज तिच्यावर बसायचे, डोळे मिटायचे आणि दुसऱ्या कोणाला तरी "डावे" किंवा "उजवे" म्हणायला सांगून पाय दाबायचा. मी महिनाभर ते केले. पुढे माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून करून घेतले. ते कायमचे मुरत नाही. दोन महिने सोडले की पाय पुन्हा विसरतो.

जाणत्यांच्या चुका

ही नवशिक्याची चूक आहे असे म्हणून सोडून देता आले असते, तर बरे झाले असते. ८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमध्ये केगवर्थ गावाजवळ ब्रिटिश मिडलँड कंपनीचे बोईंग ७३७-४०० कोसळले आणि १२६ जणांपैकी ४७ गेले. बिघाड डाव्या इंजिनात होता. वैमानिकांनी उजवे बंद केले. योगायोग असा, की उजवे बंद होताच थरथर आणि धूर कमी झाला, आणि चुकीच्या निर्णयाची त्यांना खात्री पटली. उजव्या इंजिनाचा उल्लेख करणारी घोषणा प्रवाशांनी ऐकली. मागे बसलेल्यांपैकी काहींनी ज्वाळा डाव्या इंजिनातून निघताना पाहिल्या होत्या. कोणी उठून सांगितले नाही. वैमानिकांना माहीत असणारच, असे सगळ्यांनी धरले.

४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईत ट्रान्सएशिया कंपनीचे एटीआर ७२ विमान उड्डाणानंतर तीन मिनिटांच्या आत पुलाला घासून नदीत पडले. आपल्याकडच्या लहान शहरांना जोडणारी पंख्यांची विमाने याच जातीची. त्याच्या उजव्या इंजिनाचा पंखा यंत्रणेने आपोआप फेदर केला होता. कॅप्टनने डाव्या, चालत्या इंजिनाची दांडी मागे घेतली आणि पुढे ते बंद केले. चूक लक्षात आली तेव्हा उंची उरली नव्हती. ५८ पैकी ४३ जण गेले. इंजिन बंद पडल्यावरच्या कृतींत या कॅप्टनला अडचण येते, हे आधीच्या तपासण्यांत दिसून आले होते, असे चौकशीत निघाले.

३० जून २०१९ रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या ॲडिसन येथे किंग एअर ३५० हे दोन-इंजिनी विमान उडाले. हवेत जाताच डाव्या इंजिनाची ताकद घटली. पहिला दाब पडला तो डाव्या पेडलवर. माझ्या उजव्या पायाची तीच चूक. काही सेकंदांत विमान पालथे होत एका हँगरवर कोसळले आणि आतले दहाही जण गेले.

याउलट एक आपल्याकडची गोष्ट. २४ मे २०१६ रोजी पाटण्याहून रुग्णाला घेऊन दिल्लीला येणाऱ्या किंग एअर सी-९० या हवाई रुग्णवाहिकेची दोन्ही इंजिने थांबली. वैमानिकांनी ती नजफगडजवळच्या शेतात उतरवली. सातही जण वाचले. दोन्ही इंजिने गेली की निदान ओढाताण राहत नाही. विमान सरळ तरंगत खाली येते आणि माणूस जागा शोधतो. एक चालू असते तेव्हा त्याचा मोह सुटत नाही.

नव्या विमानांत बरीच सोय आली आहे. काहींत इंजिनाचे एक बटण बंद केले की पंखा आपोआप फेदर होतो. पण दोनपैकी कोणते बटण, हे अजून माणसालाच ठरवावे लागते.

उणीव कुठे आहे?

आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्यात दोन इंजिनांवरचे तास मोजकेच असतात आणि सर्वांत महागही तेच. माझ्या पाहण्यातले बहुतेक विद्यार्थी ते भरायचे म्हणून भरतात. डोळा असतो मोठ्या विमान कंपनीच्या नोकरीवर, जिथे विमान बलवान, सिम्युलेटर अद्ययावत आणि शेजारी दुसरा वैमानिक असतो. ज्याला ती नोकरी मिळत नाही, तो हलक्या विमानावर जातो. म्हणजे ज्या विमानात इंजिन गेल्यावर चुकीला जागा सर्वांत कमी, तिथे सरावाची सोयही अनेकदा सर्वांत कमी. ही उलटी गंगा आहे.

प्रत्यक्ष विमानात कमी उंचीवर इंजिन मंद करून सराव करणे हाही उपाय नव्हे. अशा सरावातच जगभर कितीतरी विमाने पडली आहेत. टेकऑफनंतरचा सराव सिम्युलेटरवर, विमानातला सराव सुरक्षित उंचीवर, आणि दोन्ही वर्षातून अनेकदा, हाच मार्ग आहे. तो खर्चाचा आहे. लहान कंपनीला एकटीने झेपत नसेल तर अनेकांनी मिळून, सरकारी संस्थांच्या मदतीने सिम्युलेटर उभे करावेत. तपासणीत उत्तीर्ण झाल्याचा शिक्का आणि पायाला असलेली सवय यांतला फरक नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेही पाहिला पाहिजे.

दुसरी गोष्ट आपल्या, म्हणजे प्रवाशांच्या हातातली. एकदा एका गृहस्थांना घेऊन निघालो असता धावपट्टीवर उजव्या इंजिनाचा काटा हलताना दिसला. मी दोन्ही दांड्या मागे ओढल्या आणि विमान थांबवले. ते संतापले. "दुसरं इंजिन होतं ना? मग दोन कशाला ठेवलीत?" त्यांची सभा चुकली. माझ्या मालकांनीही मला दोन शब्द ऐकवले. त्या दिवशी मी उडालो नाही, म्हणून काय टळले हे कधीच कळणार नाही. न घडलेल्या अपघाताचा पुरावा नसतो. पण पुढच्या वेळी तसाच काटा हलला, तेव्हा हात मागे ओढण्याआधी त्यांचा चेहरा क्षणभर डोळ्यांसमोर आला, हे मी कबूल करतो. तो क्षण महाग पडू शकतो.

विमान भाड्याने घेणाऱ्याने, मग तो मंत्री असो वा रुग्णाचा मुलगा, वैमानिकाला निघण्यापूर्वी एवढेच सांगावे: तुम्ही थांबवलेत तर आमची तक्रार नाही. सामान उतरवा म्हणालात तर उतरवू. दुपारऐवजी पहाटे निघू म्हणालात तर पहाटे येऊ. याला पैसा लागत नाही.

तिसरी गोष्ट वर्तमानपत्रांची आणि वाचकांची. २८ जून २०१८ रोजी मुंबईत घाटकोपरच्या वस्तीत किंग एअर सी-९० विमान पडले. दीर्घ दुरुस्तीनंतरचे ते चाचणी उड्डाण होते. विमानातले चौघे आणि रस्त्यावरचा एक पादचारी असे पाचजण गेले. त्याच्या कारणांची चर्चा इथे करत नाही. सांगायचे इतकेच, की हलक्या विमानाची सुरक्षितता हा फक्त त्यात बसणाऱ्यांचा प्रश्न नाही. त्या दिवशी आपण सगळ्यांनी फोटो पाहिले, हळहळलो. अपघातांच्या चौकशीसाठी २०१२ पासून आपल्याकडे स्वतंत्र ब्यूरो आहे आणि त्याचे अहवाल कोणालाही वाचता येतात. पण अहवाल येईपर्यंत आपली उत्सुकता संपलेली असते. अपघाताला पान आणि कारणाला चौकट, ही आपली सवय बदलली तर कंपन्यांवर आणि सरकारवर जो दबाव येईल, तो नियमांपेक्षा जास्त काम करील.

मागच्या रविवारी भाची मुलाला घेऊन घरी आली. मी तिला सगळे सांगितले. वाटले होते, घाबरेल. ती घाबरली नाही, चिडली. "मग हे आधी का नाही सांगितलंत? मी देवापुढे साखर ठेवली ना दोन इंजिनांची!" मग मुलाकडे वळून म्हणाली, "तुला माहीत होतं का हे?" तो ओशाळून हसला. पुस्तकात होते, म्हणाला.

मी त्याला जेवणाच्या टेबलाजवळच्या खुर्चीवर बसवले. डोळे मिटायला सांगितले. टेकऑफपूर्वी जे मोठ्याने म्हणायचे असते, ते म्हणायला लावले. चाके धावपट्टीवर असताना इंजिन गेले तर दोन्ही दांड्या मागे आणि ब्रेक. हवेत असून पुढे धावपट्टी उरली असेल तर समोरच उतरणार. चाके वर आणि निळी रेघ गाठलेली असेल तरच उडत राहणार. त्याने म्हटले. मग मी एकदम म्हणालो, "नाक डावीकडे!"

त्याचा डावा पाय हलला.

त्याने डोळे उघडले. चेहरा उतरला होता. मी म्हटले, "माझाही चुकला होता. पुन्हा." दहा वेळा केले. सातव्या वेळेपासून पाय बरोबर पडू लागला. भाची चहाचे कप तसेच हातात धरून उभी होती. शेवटी तिने विचारले, "मामा, हे रोज करायचं का?"

"रोज. आणि नोकरी लागल्यावरही."

ती कप ठेवून समोरच्या खुर्चीवर बसली. म्हणाली, "मला शिकवा काय म्हणायचं ते. संध्याकाळी स्वयंपाक झाला की मी घेत जाईन त्याच्याकडून."